दरबार कुठे भरतो

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात गाईड खिलवत मुबारक दाखवायला आणतो, तेव्हा त्याला फारसे बोलावे लागत नाही. छताला टांगलेली बेल्जियन काचेची एकोणीस झुंबरे आणि संगमरवरी चौथऱ्यावरची रिकामी गादी पाहूनच लोकांचा आवाज खाली येतो, देवळात गाभाऱ्यासमोर येतो तसा. निजामाची सत्ता सप्टेंबर १९४८ मध्ये संपली. त्या गादीवर आज कोणी बसत नाही, तिच्यापुढे कोणाला नजराणा ठेवायचा नसतो, तिच्याकडून कोणाला काही मिळायचेही नसते. तरी मान लवते. हे लवणे कशापुढे, हा प्रश्न इतिहासापेक्षा धर्मविचाराच्या अधिक जवळचा आहे. वस्तूतच काही तेज शिल्लक असते म्हणून ती आपल्याला नमवते, की ज्या नात्याने ती पूज्य किंवा राजस झाली ते नाते तुटल्यावर उरतात ते फक्त दगड आणि काच? माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. त्याचा पुरावा चारमिनारच्या परिसरात मिळत नाही. तो मिळतो तिथून उत्तरेला सुमारे तीनशे किलोमीटरवर, पिढ्यान्पिढ्या त्याच गादीच्या अमलाखाली राहिलेल्या आदिलाबादेत.

राजवाडा पाहून बाहेर पडणाऱ्याच्या तोंडी एक धार्मिक उत्तर तयारच असते: एवढे वैभव होते, पण जाताना बरोबर काय नेले? पुरानी हवेलीत सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दुमजली कपाटघर आहे, सुमारे १७६ फूट लांब. महाराज एकदा अंगावर घातलेला पोशाख पुन्हा घालत नसत, हे गाईडचे आवडते वाक्य. ऐकणारा आधी थक्क होतो, मग विरक्त होतो, आणि या दोन अवस्थांच्या मधल्या फटीतून ते कापड कोणी विणले आणि त्याचे दाम कोणाच्या साऱ्यातून गेले हा प्रश्न गळून पडतो. स्मशानवैराग्य निदान चिता विझेपर्यंत टिकते. महालातले वैराग्य उपाहारगृहापर्यंतही पोचत नाही. अनित्यतेचा विचार खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण तो ज्यांनी सांगितला त्यांनी त्याची किंमत मोजली होती. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते. म्हणजे त्यांच्या वैराग्याने कोणाच्या तरी डोक्यावरचे ओझे प्रत्यक्ष उतरले. मृत्यू राजाला आणि रयतेला सारखाच गाठतो हे सांगताना जगताना ते सारखे नव्हते ही गोष्ट झाकली जाते, आणि राजवाड्याच्या सहलीतला अनित्यतेचा धडा नेमके तेच झाकण घालतो.

मराठी धर्मपरंपरेत या प्रश्नाचा अधिक नेटका विचार झाला आहे, आणि तोही आदिलाबादच्या शेजारीच. पश्चिमेला किनवट, जो तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, आणि त्याच्या पुढे माहूर. माहूर जसे रेणुकेचे आणि दत्तात्रेयाचे, तसे महानुभावांच्याही पूज्य स्थानांतले. महानुभाव मूर्तीला परमेश्वर मानत नाहीत, पण जिथे चक्रधर स्वामी बसले, निजले, जेवले त्या जागेच्या ओट्याला ते नमस्कार करतात. त्यांच्या लेखी दगड दगडच राहतो. त्याला मान मिळतो तो परमेश्वराशी आलेल्या संबंधामुळे, आणि नमस्काराचे फळ म्हणजे त्या संबंधाचे स्मरण. चौदाव्या शतकातल्या ‘स्थानपोथी’त कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेला स्वामींचे आसन होते याचा बारीक तपशील आहे. मराठीतले पहिले गाईडबुक असे तिला म्हणायला हरकत नाही. मात्र तिचा वाचक हौशी नव्हता. तो आचारधर्माने बांधलेला होता, भिक्षा मागत हिंडणारा होता, आणि ओट्यापुढे उभा राहिला की आपण कोणाचे आहोत आणि आता कसे वागायचे हे त्याला आठवत असे. स्थान त्याच्याकडून काहीतरी मागत होते. हीच कसोटी मी राजवाड्याला लावतो: इथली वस्तू पाहणाऱ्याकडून काय मागते?

राजचिन्हांत छत्राच्या बरोबरीने चामराचे नाव येते. राजावर चवरी ढाळतात, देवावर ढाळतात, गुरुग्रंथसाहेबावरही ढाळतात. संग्रहालयात अशी चवरी असली की चांदीची मूठ, अमुक शतक अशी पट्टी तिच्याखाली असते आणि वर्षभर कोणीही ती पाहू शकतो. आदिलाबादच्या गोंडांत मात्र चवरी कोणावर ढाळायची वस्तू नाही. ती स्वतःच देवाची खूण आहे. कुळाच्या पेर्सापेनचे, म्हणजे कुळदेवाचे, रूप म्हणजे भाल्याचे लोखंडी टोक आणि याकच्या शेपटीच्या केसांची चवरी. पूजेच्या दिवसांखेरीज ती दृष्टीआड असते, गावाबाहेर, झाडावर, बांधून ठेवलेली. सणाला ती खाली येते, कुळाचे लोक जमतात आणि परधान, म्हणजे कुळाचा पिढीजात गायक, किकरी या तंतुवाद्यावर कुळाची कथा गातो. या परधानांची घरची बोली मराठी, पण गाथा गायची ती गोंडीत, आपल्या यजमानांच्या भाषेत. परधान हाही एक गाईडच. फरक इतकाच की तो ज्यांना गोष्ट सांगतो ते त्या गोष्टीतलेच असतात. ऐकणाऱ्याला आपले कूळ कळते, लग्न कोणत्या कुळाशी करायचे आणि कोणत्या कुळाशी नाही ते कळते, परधानाला काय द्यायचे तेही ठरलेले असते. कथा संपली म्हणजे देणीघेणी संपत नाहीत. केस तेच, मूठही कदाचित तशीच; पण एकीकडे तिच्याखाली शतक लिहिलेले असते आणि दुसरीकडे तिच्यासमोर माणसाचे कर्तव्य ठरते. तेज वस्तूतच असते, तर या दोन चवऱ्यांत एवढे अंतर पडण्याचे कारण नव्हते.

यावर कोणी म्हणेल, चवरी ही खासगी कुळधर्माची बाब, राजवाडा सार्वजनिक सत्तेचा. दोन्हींची तुलना कशी होणार? तर मग सत्तेचेच उदाहरण घेऊ. इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी आणायला पायी जातात आणि ते आणून पूजा बांधतात. मातीची भांडी सिरिकोंड्याच्या कुंभारांकडून यायची हे ठरलेले. कुळात लग्न होऊन आलेल्या सुनांची आधी देवाशी ‘भेट’ घडवतात. ती घडेपर्यंत त्या पूजेत पूर्ण हक्काच्या नसतात. याच जत्रेत दरबार भरतो. १९४० साली जोडेघाटला गोंडांचा पुढारी कुमराम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला गोंड एवढे का खवळले हे शोधावेसे वाटले आणि त्यासाठी क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवले गेले. कारणे गूढ नव्हती: राखीव जंगलाच्या हद्दी, गोंडांच्या कसणुकीच्या जमिनींवर बाहेरच्यांचे पट्टे, पटवारी आणि जंगलखात्याचा जाच. डोंगरपाड्यांतल्या माणसांना अधिकाऱ्यांपर्यंत पोचता येत नाही, तर जिथे ते एरवीही जमतात तिथे अधिकाऱ्यांनी यावे, या विचारातून त्याच दशकात केस्लापूरचा दरबार सुरू झाला. निजाम गेला, हैदराबाद राज्य गेले, आंध्र प्रदेशही मागे पडला, दरबार अजून भरतो. मंडपात कलेक्टर आणि खात्यांचे अधिकारी बसतात. समोर जमिनीचे, पाण्याचे, रस्त्याचे, नोकरीचे अर्ज घेऊन माणसे उभी असतात. चौमहल्ल्यात झुंबरे आहेत आणि गाऱ्हाणे ऐकणारा कोणी नाही. केस्लापूरला झुंबर नाही आणि गाऱ्हाणे ऐकावे लागते. राजाचे राजेपण ज्या कामात होते ते काम इमारतीबाहेर पडून गोंडांच्या देवाच्या अंगणात येऊन बसले आहे.

ते नीट चालते असे मात्र समजू नये. केस्लापूरपासून हाकेच्या अंतरावर, इंद्रवेल्लीला, २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा १३. लोक तो कितीतरी मोठा सांगतात. तेव्हा दरबार भरू लागून कित्येक वर्षे झाली होती. नाते जिवंत असले म्हणजे ते न्याय्य असतेच असे नाही, हे यावरून दिसते, आणि माझ्या म्हणण्याला ते मारक नाही. जिवंत नात्यात अन्याय झाला तर त्याला अन्याय म्हणता येते, जाब मागता येतो. रिकाम्या गादीकडे जाब मागायला गेले तर गाईड घड्याळाकडे पाहतो.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप समतेचा आहे. नात्याने जे पवित्र होते त्याची दारे नात्याबाहेरच्यांना बंद असतात. संग्रहालय तिकीट घेते, जात विचारत नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराच्या बंद दारांपुढे जे उभे राहिले, किंवा १९४७ साली ज्यांच्यासाठी साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, त्यांना हे कोणी शिकवायला नको. नेहरूंनी १९५१ च्या डिसेंबरात सालारजंग संग्रहालय लोकांसाठी खुले केले ते या अर्थाने धर्मकार्यच होते, असे म्हटले तर मी आडवा येणार नाही. पण काळारामपुढे बसलेल्यांना मूर्ती केवळ पाहायची होती का? आंबेडकरांनी तो लढा माणुसकीच्या समान हक्कासाठी चालवला होता. तो समान हक्क मिळण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा १९३५ साली त्यांनी दर्शनाचा आग्रह सोडला आणि येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. समान नात्यावाचून मिळणारे दर्शन त्यांना पुरेसे वाटले नाही. संग्रहालय तेवढेच देते, दर्शन. ते देण्यात समता आहे हे खरे, पण ती मागणे नसलेल्यांची समता आहे. आणि केस्लापूरच्या बाजूनेही कबूल करायला हवे की ‘भेटी’चा भार सुनांवर पडतो, जावयांवर नाही. नात्याच्या दाराशी नेहमीच कोणीतरी राखणदार असतो, आणि त्याच्याशी भांडणे हाही नात्यात असण्याचाच भाग.

दुसरा आक्षेप जपणुकीचा. काचेत ठेवले नसते तर काहीच उरले नसते. हे मान्य. फक्त जपले काय जाते ते पाहावे. सप्टेंबर २०१८ मध्ये पुरानी हवेलीच्या संग्रहालयातून सोन्याचा, रत्नजडित, तीन खणांचा डबा चोरीला गेला आणि काही दिवसांत सापडला. दरम्यान चोरांपैकी एक जण त्यात रोज जेवत होता, असे पोलिसांनी सांगितल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले. डब्यात कोणीतरी जेवावे हा त्या डब्याचा धर्म, तो कधी नव्हे ते पाळला गेला. चोरीचे समर्थन नको, पण आपल्या जपणुकीत काय सुटून जाते हे त्या माणसाने, नकळत का होईना, दाखवून दिले.

मग राजवाडे पाहायला जाऊ नये काय? जावे, आणि गाईडला झुंबरांचा आकडा विचारून झाल्यावर या दालनात कोण कशासाठी हात जोडून उभे राहत होते, त्यांचे काय झाले, आणि त्यांची नातवंडे आज कोणापुढे उभी असतात हेही विचारावे. त्याला उत्तर ठाऊक नसेल तर दोष त्याचा नाही. संग्रहालय आणि जिवंत नाते एकत्र नांदूच शकत नाहीत असेही नाही, आणि इथे मला माझेच म्हणणे थोडे आवरते घ्यावे लागते. जोडेघाटला, जो भाग २०१६ च्या जिल्हाफोडीनंतर आसिफाबादकडे गेला, सरकारने कुमराम भीमाचे स्मारक आणि संग्रहालय बांधले आहे. पुतळा आहे, वस्तू मांडलेल्या आहेत, सगळे रीतीप्रमाणे. पण आश्विन पौर्णिमेला, भीमाच्या मृत्यूच्या तिथीला, तिथे हजारो गोंड जमतात, आपल्या रीतीने पूजा करतात, आणि पुढारी व अधिकारी भाषणाला आले की त्यांच्यापुढे पोडू जमिनीच्या, म्हणजे जंगल साफ करून कसलेल्या जमिनीच्या, पट्ट्यांची मागणी ठेवतात. ज्या मागणीसाठी भीम मारला गेला तीच ही मागणी. संग्रहालय बांधणारा आणि पट्टा देणारा किंवा अडवणारा तिथे एकच असतो, आणि तो पाहुणा म्हणून मंचावर बसलेला असतो.