दोन महिने पुढची

दर महिन्याच्या नऊ तारखेला आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. २०१६ पासून देशभर हाच दिवस ठरलेला आहे. योजनेचं नाव लांबलचक आहे, ते कुणी घेत नाही. ‘नऊ तारीख’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. डिसेंबरात मी भाचीला घेऊन गेले होते. तिला पाचवा महिना. केसपेपर काढला, वजन झालं, बीपी झालं, रक्त दिलं. मग डॉक्टरांच्या दाराबाहेर लाकडी बाकावर बसून राहायचं. बाकावर आमच्याखेरीज तिघी होत्या. एकीला नववा लागलेला. ती पाय लांब करून, हात मागे टेकून बसली होती. दुसरीला सहावा सरून सातवा. तिसरी अगदी पोरसवदा. तिला चौथा सरत आलेला. तोंडाला रुमाल आणि शेजारी सासू. सासूबाई बोलत होत्या, पोरगी मान डोलवत होती. सासूबाई औषधाच्या खिडकीशी रांगेत जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तिने रुमाल खाली केला. सातव्या महिन्याच्या बाईकडे थोडी सरकली. “ताई, तुम्हाला त्या लाल गोळ्या चालतात का हो?” तिने हळूच विचारलं. “मला मळमळतं. आणि...” आवाज आणखी खाली गेला. “संडासला काळी होते. मला वाटलं, आत काहीतरी बिघडलं. आठ दिवस झाले, घेतच नाही.” सिस्टरना सांगितलंस का? नाही. सिस्टर रागावतील. घरी? घरी तर नाहीच नाही.

ताई हसली. पण तिला हसली नाही, स्वतःला हसली. “अगं, काळीच होते. लोह असतं ना त्यात. मी तर नवऱ्याला कामावर फोन करून रडले होते. तो बिचारा अर्धी शिफ्ट टाकून आला.” पोरीच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं मला बाजूला बसूनही दिसलं. मग ताई म्हणाली, “मी रात्री घेते. जेवून तासभर झाला की, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. झोपेत मळमळ कळत नाही. आधी चहाबरोबर घ्यायचे. आशाताई म्हणाल्या, चहाने गोळी अंगी लागत नाही. आणि ती पांढरी, कॅल्शियमची, ती मी सकाळी घेते. दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत म्हणे.” नवव्या महिन्याची इतका वेळ डोळे मिटून होती. तिने डोळे न उघडताच भर घातली. “हे सगळं ठीक. पण अंगावरून लाल गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळ फिरायचं कमी झालं, तर आमचं ऐकत बसू नकोस. तडक आत जायचं. रात्र असली तर १०८ ला फोन.” एवढं बोलून ती पुन्हा गप्प झाली. कुठल्या गोष्टीला आपण पुरतो आणि कुठल्या गोष्टीला पुरत नाही, हे तिला नेमकं माहीत होतं. सल्ला देणाऱ्या फार थोड्या लोकांना ते माहीत असतं. दारातून सिस्टरने नाव पुकारलं, तेव्हा पोरगी उठली आणि आत जाऊन आधी गोळ्यांचंच बोलली. सिस्टर काही रागावल्या नाहीत.

खरं तर यातलं बरंचसं आधीच सांगितलेलं असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा रक्तवाढीच्या १८० गोळ्या घ्यायच्या, हे प्रत्येकीला कळवलेलं असतं. सिस्टर सांगतात, आशाताई घरी येऊन सांगतात. मग त्या पोरीने ते बाकावरच्या एका अनोळखी बाईला का विचारलं असेल? मला वाटतं, ती बाई फक्त दोन-तीन महिने पुढे होती म्हणून. हाक मारली तर ऐकू जाईल, एवढ्याच अंतरावर. माझंच बघा. भाचीला तिसरा महिना होता, तेव्हा ती फोनवर म्हणाली, “मावशी, मला काही खाववत नाही गं.” मी मोठ्या रुबाबात सांगितलं, “मला बाई काहीच त्रास झाला नव्हता. मन गुंतवून ठेवायचं.” तिची आई, म्हणजे माझी मोठी बहीण, शेजारीच होती. तिने फोन ओढून घेतला. “तुला त्रास नव्हता? फोडणी पडली की मागच्या अंगणात पळायचीस! चार महिने तुला भात डोळ्यांसमोर नको होता.” मी खोटं बोलत नव्हते हो. मी खरोखर विसरले होते. तीस वर्षं झाली. गोधडी धुऊन धुऊन मऊ होते, तशी ती आठवणही मऊ झाली होती. टोचणारे टाके आता हाताला लागतच नव्हते. वडीलधाऱ्या बायकांकडे पुष्कळ काही असतं. डिंकाचे लाडू कधी द्यायचे, बाळाची मान कशी सावरायची, रडणं भुकेचं की पोटदुखीचं, हे त्यांच्या हातांना ठाऊक असतं. पण काल रात्री नक्की कशाची भीती वाटली, हे विचारायचं तर जिला ती परवा वाटून गेली, तिलाच विचारावं. बाकावरच्या गप्पा म्हणजे निव्वळ वेळ घालवणं, असं कुणाला वाटेल. पण झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी गावांत ‘एकजुट’ नावाच्या संस्थेने महिन्यातून एकदा बायकांना एकत्र बसवायला सुरुवात केली. बैठक घेणारी त्याच भागातली एक बाई. ती नर्स नव्हे, डॉक्टर नव्हे. चित्रं, गोष्टी, खेळ आणि बाळंतपणाच्या अडचणींवर बोलणं. उपाय काय करायचा, तेही बायकांनीच मिळून ठरवायचं. अशा बैठका नसलेल्या गावांशी तुलना केली, तेव्हा तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी निघाले. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्या बैठकांत नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. बायका बसल्या आणि बोलल्या.

आता बोलायचं कसं, तेही त्या ताईकडूनच घ्यावं. तिने ‘तू असं कर’ असं एकदाही म्हटलं नाही. ‘मला असं झालं, मी असं केलं’ एवढंच सांगितलं. फरक बारीक आहे. पहिल्यात ऐकणारीला हो म्हणावं लागतं. दुसऱ्यात तिला विचार करायला जागा उरते. पोट दिसायला लागलेल्या बाईशी आपण एरवी काय काय बोलतो, ते आठवून पाहा. ‘आता दोघांचं खायचं हं.’ ‘पोट पुढे आलंय, मुलगाच.’ ‘नारळपाणी पी, बाळ गोरं होतं.’ आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ‘माझ्या जावेचं काय झालं, माहीत आहे का?’ हे सगळं मायेपोटीच येतं, मी स्वतः यातलं निम्मं बोलून चुकले आहे. पण आज ऑफिसात, बसमध्ये, सोसायटीच्या जिन्यात अशी कुणी भेटली, तर आधी ‘तुला काय होतंय?’ एवढं विचारून थोडं थांबून पाहावं. थांबणं अवघड जातं. मला तर फार जातं. हे गरोदरपणापुरतंच नाही. गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सूचनांचा छापील कागद दिला होता. धीर आला तो समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंमुळे. त्यांचा डोळा माझ्याआधी तीनच आठवडे झाला होता. ‘दुसऱ्या दिवशी डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटलं हो मला,’ त्या म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मला तसंच वाटलं, आणि मी निवांत पडून राहिले.

जानेवारीच्या नऊ तारखेला आम्ही पुन्हा त्याच बाकावर. नवव्या महिन्याची जागा रिकामी होती. तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असं आशाताईंकडून कळलं. सातव्याची आता आठव्यात होती आणि बाकावर बसताना भिंतीचा आधार घेत होती. पोरगी आली ती एकटीच. रुमाल नव्हता. आल्या आल्या म्हणाली, “ताई, तुमचं लिंबू मला नाही जमलं. छातीत जळजळ व्हायची.” मला वाटलं, ताईला आता थोडं लागणार. ती म्हणाली, “हो का? मग काय केलंस?” “गोळी चालू आहे रोज. एक दिवसही चुकवली नाही. लिंबाऐवजी आवळ्याची फोड खाते. आमच्या परड्यातच झाड आहे.” तिने पिशवीतून छोटा डबा काढला. झाकण उघडलं, तसा आंबट वास बाकभर पसरला. भाचीने माझ्याआधी हात पुढे केला. ताईने दोन फोडी घेतल्या.