विद्यार्थ्याचा विश्वासूपणा
(वाचनभाग : दानीएल, अध्याय १)

आपल्या मंडळ्यांतील मुलगे व मुली खेड्यांतून शहरांतील कॉलेजांत जात आहेत. कित्येक घरीं शेळी विकून फी भरली जाते. म्हणून गुण घसरले कीं आईबाप घाबरतात. उलट कोणी म्हणतो, "आपलें तारण कृपेनें आहे, मग गुणांची चिंता कशाला?" या दोघांनाही शास्त्र उत्तर देतें.

दानीएल व त्याचे तीन सोबती बाबेलांत परके होते. राजानें त्यांस तीन वर्षें खास्द्यांची विद्या व भाषा शिकण्यास नेमिलें. त्यांनीं राजाचें अन्न नाकारिलें, परंतु विद्या नाकारिली नाहीं. शेवटीं परीक्षेंत ते इतरांहून दसपट चांगले ठरले. ज्ञान देवानें दिलें खरें. तरी शिक्षणाचीं तीं तीन वर्षें त्यांस माफ झालीं नाहींत. प्रार्थना अभ्यासाच्या जागीं येत नाहीं. ती अभ्यासाला बळ देते. जो रोजचा पाठ रोज वाचतो, न समजलेलें लाज न धरितां गुरुजनांस विचारतो व वेळेवर निजतो, त्यास परीक्षेच्या आदल्या रात्रीं भिण्याचें कारण उरत नाहीं. नक्कल करून मिळविलेले गुण मात्र चोरीचा माल होत. त्यापेक्षां प्रामाणिकपणें नापास होणें बरें.

नाशिकास १८६६ सालीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या ख्रिस्ती उपदेशकाच्या कन्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्या परीक्षेंत पहिल्या आल्या; तरी स्त्री म्हणून विलायतेची शिष्यवृत्ति त्यांस मिळाली नाहीं. १८९२ सालीं ऑक्सफर्ड येथें त्यांनीं कायद्याची परीक्षा दिली; पदवी हातीं आली ती १९२२ सालीं. परंतु शिकलेली विद्या कोणी हिरावून घेतली नाहीं. मधल्या वर्षांत ती पडदानशीन स्त्रियांच्या कज्जांत कामीं आली. गुण हे विद्येचें माप आहे. विद्या ही शेजाऱ्याच्या सेवेसाठीं आहे.

उपदेशकांनो व आईबापांनो, प्रत्येक लग्नास व सुगीस विद्यार्थ्यास घरीं बोलावूं नका. कौटुंबिक उपासनेंत त्याचें नांव घ्या. श्रम करूनही गुण कमी आले, तर त्यास टाकून बोलूं नका. दाखल्यांतील धन्यानें अधिक मिळालेल्या व कमी मिळालेल्या, दोघांही विश्वासू दासांस सारखीच शाबासकी दिली. दोष लागला तो जमिनींत पुरून ठेवणाऱ्यास.

तारण गुणपत्रिकेनें मिळत नाहीं; ख्रिस्तानें तें आपल्या रक्तानें विकत घेतलें आहे. म्हणूनच ज्याचें तारण झालें, त्यानें आळस करूं नये. कर्ज फेडण्यासाठीं नव्हे, तर उपकार स्मरून त्यानें अभ्यास करावा. प्रभु आपल्या लेकरांस सुबुद्धि व चिकाटी देवो. आमेन.