होकार देताना: ऑफरची डेडलाइन आणि वाणीचं तप



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या १७ व्या अध्यायातल्या १५ व्या श्लोकावर. भगवंत इथे वाणीचं तप सांगतात. त्यासाठी जंगलात जायला नको, उपवास करायला नको. बोलणं असं हवं की त्याने समोरच्याला उगाच त्रास होऊ नये; ते खरं असावं, गोड असावं आणि हिताचं असावं. जोडीला स्वाध्यायही सांगितलाय, पण आज या चार कसोट्यांपुरतंच बोलू.

इतके दिवस हा श्लोक मी घरातल्या भांडणांसाठी वाचत होतो. गेल्या आठवड्यात तो एका ईमेलसाठी वाचावा लागला.

मंगळवारी रात्री मनीषनगरच्या आमच्या सोसायटीतला एक मुलगा घरी आला. मिहानमधल्या एका कंपनीचं ऑफर लेटर त्याच्या मोबाईलवर होतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत उत्तर द्यायचं होतं. मन मात्र पुण्यातल्या दुसऱ्या कंपनीत अडकलेलं. तिथली शेवटची मुलाखत होऊन १२ दिवस झाले होते, "कळवतो" यापलीकडे काही नाही. वडील रिटायर झालेले, आणि एज्युकेशन लोनचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू.

"दादा, सगळे मित्र म्हणतात, हो म्हणून टाक. पुण्याचं आलं तर इथे जॉइनच नको करू. काहून टेन्शन घेतो? पण मला ते बरोबर नाही वाटत. मीच जास्त विचार करतोय का?"

मी पटकन तोंडात असलेलं वाक्य फेकलं, "कर्म कर, फळाची चिंता सोड."

तो हसला. म्हणाला, "ते ठीक आहे, पण यात कर्म कोणतं?"

मी गप्प झालो. प्रश्न अगदी योग्य होता.

मित्रांचं म्हणणं सरळ चुकीचं आहे, असंही नाही. कंपन्यासुद्धा ऑफर देऊन जॉइनिंग महिनोन्महिने लांबवतात, कधी ऑफर मागेही घेतात. कायदाही कुणाला जबरदस्तीने नोकरीवर बसवत नाही. मग आपणच का शब्दाला चिकटून राहायचं?

खरं सांगू? काही वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. एका ठिकाणी हो म्हणालो आणि जॉइनिंगच्या आदल्या दिवशी "वैयक्तिक कारणामुळे" असा दोन ओळींचा मेल टाकला. कुणी काही बोललं नाही. पुढे कळलं की माझ्या होकारानंतर त्यांनी दुसऱ्या एका उमेदवाराला नाही कळवलं होतं. तो कोण, त्याच्या घरी काय परिस्थिती होती, मला आजही माहीत नाही. मी समजत होतो की मी एका कंपनीला फसवतोय. प्रत्यक्षात किंमत मोजली ती माझ्यासारख्याच एका मुलाने. रेल्वेत सीटवर रुमाल टाकून जागा धरावी तसा माझा होकार होता.

मराठीत आपण सहज म्हणतो, "नरो वा कुंजरो वा." महाभारताच्या द्रोणपर्वातली ही गोष्ट. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता. युधिष्ठिराने 'अश्वत्थामा गेला' हे मोठ्याने सांगितलं आणि 'हत्ती' हा शब्द हळूच. तोवर त्याचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा. त्या क्षणी तो जमिनीला टेकला. म्हटलं तर शब्द खोटा नव्हता, पण ऐकणाऱ्याने चुकीचं समजावं हाच हेतू होता. मनात 'बघू' ठेवून मेलमध्ये 'हो' लिहिणं याच जातीचं.

मग त्या रात्री आम्ही दोघांनी चार कसोट्या समोर ठेवून दोन मेल लिहिले.

पहिला मिहानच्या कंपनीला. ऑफरबद्दल मनापासून आभार. आणखी एका ठिकाणची प्रक्रिया शेवटच्या टप्प्यात आहे, पूर्ण विचार करून उत्तर द्यायचं आहे, सोमवारपर्यंत वेळ मिळेल का? "घरच्यांशी बोलायचंय" असं लिहायचा मोह झाला होता, पण तो हत्तीचा हळू आवाज झाला असता, म्हणून ते वाक्य खोडलं. मेल बुधवारी सकाळीच पाठवला. शुक्रवारी पावणेसहाला मुदत मागितली असती तर तेही खरंच असतं, पण समोरच्याला त्रास देणारं.

दुसरा मेल पुण्याला. माझ्याकडे एक ऑफर आहे, उत्तराची मुदत अमुक, तुमच्याकडे काम करायची माझी जास्त इच्छा आहे, तोवर निर्णय कळू शकेल का? यात धमकी नाही, ऑफरचा आकडा फुगवणंही नाही.

आणि तिसरी गोष्ट मेलमध्ये नव्हती, वहीत होती. पुण्याचं उत्तर आलंच नाही तर काय करायचं, ते आजच ठरवून लिहून ठेव, असं मी त्याला म्हटलं. शेवटच्या तासाला भीती आपल्यासाठी निर्णय घेते. हप्ता डोक्यावर नसता तर 'नाही' म्हणून वाट बघणंही धर्माचंच होतं. त्याने लिहिलं, "सोमवारी हो म्हणेन, आणि हो म्हटलं की पुण्याचं दार स्वतः बंद करेन."

आपलं जुनं फाटक आठवतं? २०२० च्या नोव्हेंबरमध्ये उड्डाणपूल सुरू झाला, त्याआधी मनीषनगरात राहायचं म्हणजे फाटकावर थांबायचं. काही जण हॉर्न वाजवत राहायचे, काही जण गाडी वाकडी करून दांड्याखालून घुसायचे, आणि काही इंजिन बंद करून शांत उभे राहायचे. गाडी कुणासाठीच लवकर येत नव्हती. आपण कसं थांबायचं, एवढंच हातात होतं.

पुढे काय झालं? मिहानच्या कंपनीने सोमवारपर्यंत मुदत दिली. पुण्याने कळवलं, अजून दोन आठवडे लागतील. इथे चमत्कार सांगता आला असता, पण तो झाला नाही. सोमवारी त्याने होकार पाठवला आणि लगेच पुण्याला आभार मानून प्रक्रियेतून नाव मागे घेतलं. रात्री भेटला तेव्हा डोळे थोडे ओले होते. म्हणाला, "वाईट वाटतंय दादा, पण झोप लागेल."

होकार दिल्यावर परिस्थिती खरंच बदलली तर? आई आजारी पडली, गाव सोडणं अशक्य झालं? तर त्याच दिवशी, खरं कारण सांगून, माफी मागून कळवावं. चारही कसोट्या तिथेही लागतात. चांगला पगार दिसणं म्हणजे परिस्थिती बदलणं नव्हे, हे मात्र आपलं आपल्याला आतून माहीत असतं.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला आता असं सापडतं: कोणती नोकरी मिळते ते फळ. त्या नोकरीसाठी मी कोणता शब्द दिला, ते कर्म.

आजचा संकल्प: आज एखादा 'हो' पाठवण्याआधी एक श्वास थांबायचं आणि मनाला विचारायचं, "उद्या यापेक्षा चांगलं काही आलं, तरी मी हा शब्द पाळेन ना?"

राम कृष्ण हरी!