अर्ध्या पल्ल्याचे मोल

मागील वर्षीच्या चैत्रातील गोष्ट. आमच्या महाविद्यालयातून काही वर्षांपूर्वी पदवी घेऊन बाहेर पडलेला, आणि आता नांदुरा तालुक्यातीलच एका खेड्यात शिक्षकाचे काम करणारा एक तरुण सकाळीच घरी आला. दोन वर्षांपासून तो पहाटे उठून धावण्याचा नियम पाळीत होता, हे मला ठाऊक होते. पुढील फेब्रुवारीच्या अखेरीस दिल्लीस होणाऱ्या मॅरेथॉनमध्ये उतरण्याचा त्याने निश्चय केला होता. वसंत ऋतू हा आमच्या वऱ्हाडात बहुतेक नावापुरताच. पळस फुलतो न फुलतो तोच ऊन भाजू लागते. १८९७ साली सुरू झालेली बोस्टनची मॅरेथॉन एप्रिलात धावली जाते, त्या दिवसांत नांदुऱ्याच्या सडकेवर दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही. तेव्हा आमच्याकडील मुलाने वसंतातली लांब शर्यत धावायची म्हटली, तर त्याने उत्तरेचा रस्ता धरावा हेच योग्य.

त्यापूर्वी एक अर्धमॅरेथॉन धावून पाहावी, इतके ठरले होते. कोणती, हे ठरत नव्हते. साताऱ्यास पावसाळा सरता सरता डोंगरावरची अर्धमॅरेथॉन होते, ती एक. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईच्या मॅरेथॉनबरोबर जी अर्धी शर्यत होते, ती दुसरी. आणि तिसरी वाट घरचीच: कोठेही न जाता, पहाटे नांदुऱ्याहून निघून खामगावापर्यंत एकट्याने धावावे. हे सर्व सांगून झाल्यावर तो म्हणाला, "सर, पायांविषयीचा सल्ला मी जाणत्यांकडून घेतला आहे. तुम्हाला निराळेच विचारायचे आहे. जी शर्यत नुसती तयारी म्हणून धावायची, ती जीव ओतून धावावी की राखून?"

मी त्या वेळी काहीतरी गोलमाल उत्तर देऊन त्याला चहा पाजला. परंतु प्रश्न मनातून गेला नाही; आणि तो केवळ धावणाऱ्यांचाच नाही, असे वाटल्यावरून वाचकांपुढे ठेवीत आहे.

आधी हिशेब पाहू. मॅरेथॉनचा पल्ला ४२.१९५ किलोमीटरांचा. तो १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावला गेला आणि १९२१ साली कायमचा ठरला. त्याचे अर्धे २१.०९७५. नांदुऱ्याहून खामगाव सुमारे वीस किलोमीटर. म्हणजे गेले की जवळजवळ अर्धी मॅरेथॉन, आणि परत आले की पूर्ण. कागदावर जाणे आणि येणे सारखेच दिसते. परंतु खामगावास पायी जाऊन आलेला कोणताही माणूस सांगेल की, येणे हे जाण्याहून लांब असते. पीटर रीगेल नावाच्या अमेरिकन अभियंत्याने धावण्याच्या वेळांचे एक सूत्र बसविले. त्याप्रमाणे दोन तासांत अर्धी शर्यत पुरी करणाऱ्यास पूर्ण शर्यतीला चार तास नव्हे, तर चार तास दहा मिनिटे लागतात. आणि नवख्यांना ह्याहूनही बराच अधिक वेळ लागतो, असा सर्वांचा अनुभव. कारण उघड आहे. स्नायूंत व यकृतात साठविलेली शर्करा साधारण तीस किलोमीटरांच्या पुढे संपत येते, आणि तेथून पुढची शर्यत पहिल्या शर्यतीहून वेगळ्याच जातीची होते. अर्धे हे पूर्णाचे प्रमाण देते, हमी देत नाही. तयारीविषयी पहिली गोष्ट लक्षात घ्यावयाची ती हीच.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाला दोन सरळ उत्तरे संभवतात. व्यवहारी मनुष्य म्हणेल: अर्धी शर्यत हे साधन आहे, पूर्ण शर्यत हे साध्य, साधनापायी साध्य खर्ची घालणे हा मूर्खपणा, म्हणून राखून धावावे. दुसरा, थोडा गीता वाचलेला, म्हणेल: फळाकडे न पाहता हाती आलेले कर्म सर्वस्वाने करावे, उद्याची शर्यत उद्या. दोन्ही उत्तरे ऐकावयास बरी वाटतात. मला दोन्ही अपुरी वाटतात.

पहिल्या उत्तरातील दोष असा की, ते एकदा मान्य केले म्हणजे त्याला थांबा नाही. अर्धी शर्यत पूर्णीसाठी, पूर्ण शर्यत पुढच्या अधिक वेगाच्या शर्यतीसाठी. शाळा परीक्षेसाठी, परीक्षा नोकरीसाठी, नोकरी निवृत्तीसाठी. अशा रीतीने आयुष्यातला प्रत्येक दिवस दुसऱ्या कोणत्या तरी दिवसाची हमाली करतो, आणि ज्याच्यासाठी ही सारी हमाली चालली तो दिवस उजाडतच नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या आरंभीच भेद केला आहे की, काही क्रियांचे साध्य त्या क्रियेतच असते, काहींचे क्रियेबाहेरच्या वस्तूत. परंतु एकच क्रिया एकाच वेळी दोन्ही प्रकारची असू शकते, हे आपण विसरतो. जेवण शक्तीसाठी असते, म्हणून ते चवीने जेवू नये असे कोण म्हणेल?

दुसऱ्या उत्तरातील दोष निराळा. फळाची आसक्ती सोडणे आणि परिणामाचा विचार सोडणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पाच आठवड्यांवर मोठी शर्यत आली असता अर्ध्या शर्यतीत पाय मोडून घेणारा मनुष्य निष्काम नव्हे, अविचारी होय. त्याने सर्वस्व ओतले खरे, पण जे ओतले ते दुसऱ्या कर्तव्याकडून उसने घेतलेले होते.

ह्या बाबतीत १८९६ चा अथेन्सचा इतिहास बोधप्रद आहे. १० एप्रिल रोजी, म्हणजे ऐन वसंतात, पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन धावली गेली. त्यापूर्वीच्या काही आठवड्यांत ग्रीक धावपटू निवडण्यासाठी मुद्दाम शर्यती घेतल्या होत्या. पहिल्या निवडशर्यतीत वासिलाकोस पहिला आला. दुसरीत पाणी वाहण्याचा धंदा करणारा स्पिरिदोन लुई पाचवा आला. प्रत्यक्ष ऑलिंपिकच्या दिवशी लुईने २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत शर्यत जिंकली, आणि वासिलाकोस सुमारे सात मिनिटे मागे राहून दुसरा आला. ज्याने तयारीतच निकाल पाहिला असता, त्याने लुईला घरीच बसविले असते. तयारीची शर्यत आपल्याला स्वतःविषयी काही सांगते. निवाडा देत नाही.

आपल्याकडील उदाहरण ह्याच्या उलट बाजूने बोलते. १९१९ च्या सुमारास पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत सर दोराबजी टाटा ह्यांनी अनवाणी धावणारे शेतकरी पाहिले. त्या शर्यती कोणत्याही मोठ्या शर्यतीची तयारी म्हणून धावल्या गेल्या नव्हत्या. परंतु त्या पाहूनच हिंदी खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना बळावली, आणि १९२० साली अँटवर्प येथे बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. त्या वर्षीचा पल्ला ४२.७५ किलोमीटरांचा होता. आजच्या ठरलेल्या पल्ल्याहूनही अधिक. पुण्याच्या मैदानावरील शेतकरी अमुक कशासाठी म्हणून धावले नाहीत, तरी त्यांच्या धावण्यातून पुढची वाट निघाली. जे स्वतः खरे असते, तेच उत्तम तयारीही होते.

तर मग तयारी खरी कोणती आणि खोटी कोणती? येथे मला स्वतःचीच गोष्ट सांगणे भाग आहे. महानुभाव गद्यातील नीतिविचारांवर एक ग्रंथ लिहावा, असा संकल्प मी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी केला. आज छप्पन्नावे चालू आहे. मधल्या काळात मी टिपणे काढली, रिद्धपूरच्या वाऱ्या केल्या, लोखंडी पेटी कागदांनी भरली आणि ती पुरेना म्हणून दुसरी घेतली. मंडळी विचारीत, "ग्रंथ कोठवर आला?" मी सांगे, "तयारी चालू आहे." हे उत्तर खरे होते, आणि त्यातच माझी फसगत होती. कारण ह्या अठ्ठावीस वर्षांत मी अशी एकही गोष्ट केली नव्हती, जिच्यात मला अपयश येणे शक्य होते. टिपण कधी चुकत नाही, ते वाढते. पेटी कधी हरत नाही, ती भरते. ज्या तयारीत हार संभवतच नाही, ती तयारी नसून आश्रयस्थान असते. आणि तेथे मनुष्य जन्मभर सुखाने राहू शकतो.

हा निकष हाती आल्यावर त्या तरुणाच्या तीन वाटा मला स्पष्ट दिसू लागल्या. खामगावची वाट घरची, फुकटची, सोयीची. पण राष्ट्रीय महामार्गावरील मालमोटारींचा धोका सोडला, तरी तिच्यात एक उणीव राहते: थकवा आला तर वाटेत कोठेही थांबून एस. टी. ने घरी येता येते, आणि ते कोणालाही कळत नाही. ती सरावाला चांगली, परीक्षेला नव्हे. साताऱ्याची शर्यत खरीच. यवतेश्वराचा घाट चढून जाणे आणि तोच उतरून येणे ह्यात छातीची व मांड्यांची कसोटी लागते. पण तिच्यानंतर दिल्लीस पाच महिने उरतात. तिने सांगितलेले तोवर शिळे होईल. मुंबईची शर्यत दिल्लीच्या आधी सुमारे पाच आठवडे येते. शीण उतरावयास व चूक सुधारावयास तेवढा काळ पुरे, आणि शिकलेले विसरावयास तो अपुरा. शिवाय परके गाव, पहाटेचा अंधार, हजारोंची गर्दी, समुद्राकाठची दमट हवा. ज्या गोष्टींनी मन बिचकते त्या सर्व तेथे हजर.

मी त्याला बोलावून मुंबईचे नाव सांगितले. जीव ओतावा की राखावा, ह्याचेही उत्तर तोवर सापडले होते. ते आमच्या गावच्या वेशीवरच उभे होते. नांदुऱ्यास महामार्गालगत हनुमंताची १०५ फूट उंचीची मूर्ती आहे. तिच्यावरून मला सुंदरकांडातील मैनाकाची कथा आठवली. समुद्र उल्लंघून जात असता मारुतीच्या वाटेत मैनाक पर्वत पाण्यातून वर आला. मारुतीला प्रथम तो अडथळा वाटला आणि त्याने त्याला छातीने लोटले. मग मैनाकाने सांगितले की, आपण विसावा देण्यासाठी आलो आहोत. त्यावर मारुती तेथे बसला नाही. आणि 'मला पुढे जायचे आहे, तुझे काय काम' असेही म्हणाला नाही. त्याने पर्वताला हाताने स्पर्श केला, त्याचा मान राखला आणि तो पुढे गेला. मधल्या टप्प्याशी वागण्याची हीच रीत आहे. त्याला मुक्काम समजू नये आणि त्याला तुडवूही नये. "शर्यत पूर्ण लक्ष देऊन धाव," मी म्हणालो, "पण पूर्ण शक्ती देऊन नको. लक्ष वाटून घेता येत नाही. शक्ती वाटून घ्यावी लागते."

जानेवारीत तो मुंबईस जाऊन आला. पहिले दहा किलोमीटर गर्दीच्या भरात तो वाजवीपेक्षा वेगाने गेला आणि शेवटच्या चारांत त्याला चालावे लागले. हे सांगताना तो हसत होता. "सर, हे दिल्लीत झाले असते तर!" एवढेच तो म्हणाला. दिल्लीची गाडी निघायला आठ दिवस असताना त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला, आणि तो दिल्लीस गेलाच नाही.

तयारी ज्याच्यासाठी केली ते आलेच नाही, तर तयारीचे काय, हा प्रश्न मी वर्गात अनेकदा विचारला आहे. ह्या वेळी तो माझ्यापुढे खाटेशेजारी बसलेला होता. मी त्याला भेटावयास गेलो तेव्हा काय बोलावे हे मला सुचेना. तोच म्हणाला, "मुंबई व्यर्थ गेली असे वाटत नाही, सर. ती धावलो ते धावलोच." ह्या एका वाक्यात माझा राहिलेला निकष पुरा झाला. मोठे साध्य हाती आले नाही तरी जिच्याविषयी पश्चात्ताप होणार नाही, अशीच तयारी निवडावी. कारण साध्य हाती येईल की नाही, हे निवडणाऱ्याच्या हाती नसते.

वडील आता काठी घेऊन अंगणात चालतात. तो पहाटे पुन्हा धावू लागला आहे. आणि मी गेल्या आषाढात पेटी उघडून एका प्रकरणापुरता मजकूर लिहून काढला व चार जाणत्या मंडळींपुढे वाचला. त्यांनी दोन ठळक चुका दाखविल्या. त्यांतली एक अशी होती की, तिच्यावर मी दहा वर्षे टिपणे रचली होती. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून ते प्रकरण पुन्हा लिहावयास घेतले. ग्रंथ होईल की नाही हे सांगता येत नाही. पण हे प्रकरण एकटेही उभे राहावे, अशा बेताने लिहीत आहे.