शत्रूचे पदक

नाईक यशवंत घाडगे यांची हकीकत मी दर जुलैत वर्गात सांगतो. माणगाव तालुक्यातला हा मराठा पलटणीचा शिपाईगडी. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर जर्मन मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सारे मेले वा जायबंदी झाले. घाडगे एकटेच धावत सुटले. हातगोळ्याने मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, दुसऱ्याला गोळी घातली, आणि काडतुसे भरायला सवड नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठेचले. लगेच दडलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. मुले टाळ्या वाजवतात. यंदा टाळ्या थांबल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, त्या चौघांची नावं काय होती?"

मानपत्रात ती नाहीत. शत्रूचे नाव लिहायची तिथे रीतच नसते. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण प्रश्न काही मनातून जाईना. समजा, अशाच एखाद्या जर्मन शिपायाचा नातू आज आजोबाचा माग काढायला निघाला, तर त्याच्या हाती काय लागेल?

जर्मन शिपायाच्या गळ्यात लांबट गोल बिल्ला असे. मधोमध भोकांची रेघ, आणि दोन्ही अर्ध्यांवर तोच मजकूर. शिपाई पडला की एक अर्धा मोडून घ्यायचा, दुसरा प्रेताबरोबर ठेवायचा. त्यावर पलटण आणि क्रमांक असे, नाव नसे! पगाराची वही त्याच्या खिशात राही, आणि नोकरीची दुसरी वही पलटणीच्या कचेरीत. मरणानंतर ही दुसरी घरी पाठवीत. तिच्यासोबत कधी पदके येत आणि पदके दिल्याचे कागद. या कागदांना फार मोल आहे. लोखंडी क्रॉसवर कुणाचे नाव कोरलेले नसते, तेव्हा कागदावाचून तो कुणाचाच नाही. बाजारात तर नकली क्रॉसही पैशाला पासरी. शिवाय पॉट्सडॅमचे लष्करी दप्तर एप्रिल १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाले. बर्लिनमधल्या, मृतांची नि हरवलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीचे कागद मात्र वाचले. १९३९ साली निघालेली ही कचेरी २०१९ पासून जर्मनीच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात सामील झाली आहे, आणि नातवंडांच्या पत्रांना तिथून अजून उत्तरे जातात.

आता ही पदके वाचायची कशी? जखमीचा बिल्ला काळा असेल तर एकदोन जखमा, रुपेरी असेल तर तीन-चार, सोनेरी असेल तर पाच किंवा अधिक. पायदळाच्या हल्ल्याचा बिल्ला तीन वेगवेगळ्या दिवशी तीन हल्ल्यांत उतरल्याबद्दल. आणि १९४१-४२ च्या रशियातल्या हिवाळ्याबद्दल एक पदक होते. थंडीने हातपाय गोठले तरी ते मिळे. शिपायांनी त्याचे नाव ठेवले होते 'गोठल्या मांसाचे पदक'. या थट्टेपाशी मी अडखळलो. असे नाव ठेवणारा माणूस आपल्या गावच्या पारावरही सापडेल.

पण त्याच हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातले सुमारे वीस लाख सोव्हिएत युद्धकैदी उपासमारीने, थंडीने, रोगाने आणि गोळ्यांनी मेले. बरेचसे उघड्या माळावर, तारेच्या कुंपणाआड. पदक देणाऱ्याने त्यांची दखल घेतलेली नाही. आजोबा पहाऱ्यावर होता, की शेकडो कोस दूर खंदकात बोटे गमावत होता, हे पदक सांगत नाही. पलटण कोणती, ती केव्हा कुठे होती, हे नातवाला दुसऱ्या कागदांतून शोधावे लागेल. आणि लोखंडी क्रॉसच्या कागदावर तर 'फ्यूररच्या नावाने' अशी सुरुवात आहे.

मग करायचे काय? १९५७ साली पश्चिम जर्मनीने कायदा केला की, त्या काळची पदके लावायची तर स्वस्तिकाविना लावावीत. क्रॉसवर स्वस्तिकाच्या जागी ओकची पाने आली. सरकारला लाखो जिवंत शिपायांची सोय पाहायची होती, हे समजते. पण ज्याला आजोबाला ओळखायचे आहे त्याने असे खरवडू नये असे मला वाटते. चिन्ह खरवडले की उरतो तो नुसता शूर, थंडीने कुडकुडणारा बिचारा. आणि फक्त चिन्हच पाहिले तर माणूस नाहीसा होतो. मग ज्याला ओळखायचे तोच उरत नाही. त्याच्यासाठी रडावे आणि तरी त्याच्या पदकाला नमस्कार करू नये, हे कठीण आहे खरे. घरातल्या माणसाच्या बाबतीत तर फारच कठीण.

यावर कुणी म्हणेल, "मग घाडगे आणि ते चौघे सारखेच की काय?" मुळीच नाही. घाडगे ज्यांच्याविरुद्ध लढले, त्यांचा पराभव व्हायलाच हवा होता. ज्या साम्राज्याच्या चाकरीत ते लढले त्याने आपल्यालाही गुलाम केले होते, ही गोष्ट वेगळी. तिच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. पण त्यांच्या मानपत्रातही ते चौघे आकडा म्हणूनच येतात.

परवा मी हे सगळे त्या मुलीला सांगितले. ती म्हणाली, "मग गुरुजी, टाळ्या वाजवायच्या की नाही?"

"वाजवायच्या."

"कुठल्या वाक्याला?"

जुलै यायला अजून आठ महिने आहेत.