किती खरवडायचे?

मुंबईच्या टॅक्सींतली शेवटची प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या या गाडीचे हौशी मालक मात्र अजून आहेत. त्यांतले काही जण सुट्टीच्या दिवशी अंगणात पॉलिश पेपर घेऊन तिच्यापुढे बसतात. नवा रंग शेवटी, आधी जुना काढायचा. पण किती काढायचा? या प्रश्नात धर्म आणि तत्त्वज्ञान दोन्ही येतात.

जुन्या गाडीच्या अंगावर थर असतात. वरचा रंग, त्याखाली आधीच्या मालकाने दिलेला रंग, मध्ये पुट्टी, प्रायमर आणि तळाला पत्रा. यांतली मूळ गाडी कोणती? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक वंशाच्या मिलिंद राजाला त्याच्याच रथाबद्दल असे प्रश्न विचारतो. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजाला प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणावे लागते, आणि रथ हे सगळे भाग एकत्र आल्यावर दिलेले नाव आहे हे अखेर त्याला पटते. तो युक्तिवाद इथे लावला तर नुसत्या पत्र्यालाही ‘मूळ’ म्हणून मिरवता येणार नाही.

तरीही हातातले काम सुटत नाही, कारण सगळे थर सारखे नसतात. पत्र्याला घट्ट धरून बसलेला जुना रंग हा नव्या रंगाचा उत्तम पाया असतो. त्याची चकाकी घासून घालवली आणि कडा उतरत्या केल्या की पुरे. फोड आलेला रंग वेगळा. लोखंड गंजले की फुगते आणि वरचा रंग उचलते. वरून टिकलीएवढा दिसणारा फोड खरवडला की खाली तळहाताएवढा गंज सापडतो. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवले आणि ते मध्येच धरेनासे झाले, तर तिथे जाड पुट्टी आहे असे समजावे. ही पुट्टी पोचा बुजवायला असते, भोक बुजवायला नाही. पद्मिनीला वेगळी चासी नाही. तिचा सांगाडा म्हणजे तिची बॉडीच. दाराखालचा सडलेला पट्टा पुट्टीने गुळगुळीत करणे म्हणजे आत बसणाऱ्याची फसवणूक आहे. तिथे कुजका पत्रा कापून नवा जोडावाच लागतो.

थर किती काढायचे हा प्रश्न देवळातही येतो. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर पिढ्यानपिढ्या शेंदराचे लेप चढत गेले होते. २०२२ मध्ये मंदिर दर्शनासाठी बंद ठेवून, मूर्तीच्या संवर्धनासाठी ते लेप उतरवले गेले. दार पुन्हा उघडले तेव्हा कातळातले कोरीव रूप समोर आले. मग आजी-पणजीने ज्या रूपापुढे हात जोडले, ते खोटे होते का? मुळीच नाही. तो शेंदूर त्यांच्या भक्तीने चढला होता, आणि उतरवला तोही मूर्तीच्या काळजीपोटी. लेप आहे एवढ्यावरून त्याला असत्य ठरवता येत नाही. खाली झीज चालू असताना ती झाकून धरणारा लेप काढणे मात्र श्रद्धेचेच काम आहे.

गाडीलाही हाच न्याय. ‘अस्सल’ पत्रा दिसावा म्हणून धडधाकट रंग सोलून काढण्याचा हट्ट व्यर्थ आहे, आणि गंजावर नुसता प्रायमर मारणे ही लबाडी आहे. रंगाखाली गेलेले हे काम पुढे कोणी पाहणार नाही. गाडी विकत घेणाराही नाही. म्हणूनच ते प्रामाणिकपणे करायला हवे.

ज्यांनी हे काम हाती घेतले आहे, त्यांना एक विनंती. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून नाकावर चांगला मास्क लावा, तो रंग पाणी मारून घासा आणि मुलांना लांब ठेवा. पुट्टी मात्र कोरडीच घासा, ती पाणी शोषते. आणि जेवढा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली जाईल, तेवढाच उघडा करा.