उर्ताइनचे विजय कोणाचे?

स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशात, गिपुस्कोआ प्रांतात, 1943 मध्ये जन्मलेला आणि घराण्याच्या शेतवाडीच्या नावावरून 'उर्ताइन' म्हणून प्रसिद्ध झालेला होसे मानुएल इबार हा हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटातील, व्यावसायिक मुष्टियोद्धा होता. बळ स्वतःचे, पण कीर्ती इतरांनी रचलेली असेल, तर त्या कीर्तीतला खोटेपणा कोणाच्या पदरी घालावा, हा त्याच्या कारकिर्दीने उभा केलेला पेच आहे. नीतिशास्त्राची एक अध्यापिका आणि मुष्टियुद्धाचा एक प्रशिक्षक यांच्यातील पुढील कल्पित संवाद त्याच पेचाविषयी आहे.

अध्यापिका: अवजड दगड खांद्यावर चढवण्याच्या शर्यती हा बास्क गावांचा जुना खेळ, त्यात नाव कमावलेला हा तरुण 1968 मध्ये, म्हणजे वयाच्या पंचविशीत, प्रथमच व्यावसायिक लढतीत उतरला. पुढच्या दोन वर्षांत प्रतिस्पर्ध्यांची रांगच्या रांग 'नॉकआउट' झाली, म्हणजे पंचाने दहा अंक मोजेपर्यंत उठू शकली नाही, आणि तीही बहुधा सुरुवातीच्या फेऱ्यांतच. समोरची माणसे मुद्दाम दुबळी निवडली जातात, काही निकाल तर आधीच ठरलेले असतात, असे आरोप तेव्हाच झाले होते. ते खरे धरले, तर असे विजय पदरात घेणारा निर्दोष कसा?

प्रशिक्षक: बाई, यात दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. कुस्तीत जिला नुरा म्हणतात, ती दोघांनी संगनमताने केलेली लढत सरळ फसवणूक होय. नवशिक्याला बेताचा प्रतिस्पर्धी देणे मात्र जगभरची रीत आहे आणि ती योग्यही आहे, कारण अननुभवी माणसाला कसलेल्या ठोशांपुढे उभे करणे म्हणजे त्याच्या मेंदूशी खेळणे. पण त्या रीतीचा हेतू शिक्षण हा असतो. दम कसा राखावा, पाय कसे हलवावेत, डाव्या हाताचा सरळ, झटपट ठोसा, म्हणजे जॅब, चुकवून आत कसे शिरावे, हे अंग थकल्यावरच उमगते. पहिल्याच फेरीत आटोपणाऱ्या लढतीत विजय मिळतो, विद्या मिळत नाही.

अध्यापिका: म्हणजे प्रेक्षकाच्याही आधी योद्धाच नागवला गेला?

प्रशिक्षक: होय, आणि त्याची साक्ष 1970 या एकाच वर्षात मिळते. 3 एप्रिलला माद्रिदमध्ये पश्चिम जर्मनीच्या पीटर वाइलांडला सातव्या फेरीत लोळवून तो युरोपचा विजेता झाला. फ्रँकोच्या हुकूमशाहीतल्या, नुकतीच घरोघर दूरचित्रवाणी पोचू लागलेल्या स्पेनला त्याच्यात आपला महाबली दिसला. 10 नोव्हेंबरला लंडनच्या वेम्बलीत हेन्री कूपर समोर आला. याच कूपरच्या डाव्या हाताने 1963 मध्ये कॅशियस क्लेला, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीला, खाली पाडले होते. त्या हाताला उर्ताइनपाशी उत्तर नव्हते आणि किताब गेला.

अध्यापिका: तरीही संमतीचा प्रश्न उरतोच. तो सज्ञान होता, पैसा आणि जयजयकार त्याने आपखुशीने घेतला. पिळवणूक झाली असे म्हणताना त्याचे कर्तेपणच आपण नाकारत नाही ना? दगड उचलणाऱ्या रांगड्या गड्याला स्वतःचे भले कळत नव्हते, असे मानणे हाही एक अपमानच आहे.

प्रशिक्षक: आक्षेप रास्त आहे, पण संमतीला ज्ञानाचा आधार लागतो. आपण जिंकतो आहोत एवढे त्याला ठाऊक होते. त्या जिंकण्यात काय शिकायचे राहून जाते, हे आयोजकांना ठाऊक होते. त्याच गिपुस्कोआतला पाउलिनो उस्कुदुन हाही कुऱ्हाडीने ओंडके तोडण्याच्या शर्यतींतून आलेला गडी. पण तो अमेरिकेत जाऊन खऱ्याखुऱ्या दिग्गजांशी भिडला, अनेकदा हरला, आणि तरीही 1935 मध्ये जो लुईशी गाठ पडेपर्यंत त्याला मुदतीआधी कोणीही संपवू शकले नव्हते. माती एकच, घडण वेगळी.

अध्यापिका: मग डिसेंबर 1971 चे काय करायचे? इंग्लंडच्या जॅक बोडेलला दुसऱ्याच फेरीत हरवून उर्ताइनने युरोपचा किताब परत मिळवला. सारेच रचलेले असते, तर हे घडले नसते.

प्रशिक्षक: तोच तर या कारकिर्दीचा सर्वांत वेदनादायक भाग आहे. त्या लढतीवरून दिसते की माणसात ऐवज होता आणि तो घडवण्याइतका धीर कोणी धरला नाही. 1972 मध्ये युर्गेन ब्लिनने किताब हिरावला, 1977 मध्ये लढणे थांबले, आणि 21 जुलै 1992 रोजी, बार्सिलोना ऑलिंपिकच्या उद्घाटनाला चार दिवस उरले असताना, एकोणपन्नासाव्या वर्षी त्याने माद्रिदमध्ये आपले जीवन संपवले.

अध्यापिका: त्या मृत्यूचे खापर एका आयोजकावर किंवा एका पराभवावर फोडणे अन्यायाचे होईल, आत्महत्येला एकच कारण चिकटवण्याची सवय सोडलेलीच बरी. पण जिवंतपणीचा हिशेब मांडता येतो. पैसा आणि टाळ्या घेतल्याबद्दल उर्ताइनकडे दोषाचा लहान वाटा येतो. सगळे ठाऊक असूनही त्याला न शिकवता विकणाऱ्यांकडे मोठा वाटा जातो. आणि शंका असूनही पुढच्या नॉकआउटची वाट पाहणारा प्रेक्षकही त्यातून सुटत नाही.

प्रशिक्षक: प्रेक्षकाबाबत एकमत होणे कठीण आहे, कारण तो फसवला गेला होता. बोडेलवरचा विजय मात्र निःसंशय उर्ताइनचा स्वतःचा आहे, आणि त्याच्या नावापुढे तो पहिल्यांदा लिहिला गेला पाहिजे.